देवामागची जाळी

आमच्या पिढीची मराठी माणसं टोरांटोच्या स्कारबरोत जमली की एके काळी इमिग्रेशनबद्दल बोलत, मग मुलांच्या अ‍ॅडमिशनबद्दल, मग गुडघ्यांबद्दल. हल्ली फर्नेसबद्दल, म्हणजे तळघरातून घर तापवणाऱ्या यंत्राबद्दल, बोलतात. गुडघा आणि फर्नेस यांत गुडघा स्वस्त पडतो, कारण तो सरकार बदलून देतं. हे एक वाक्य सोडलं तर त्या चर्चांमधून मला आजवर उपयोगाचं काही मिळालेलं नाही. आपण किती घासाघीस केली हे प्रत्येकाला सांगायचं असतं, आणि खरा आकडा कुणीच सांगत नाही.

मीही सांगणार नाही. आकडे दर हिवाळ्यात बदलतात. पण फर्नेसची दुरुस्ती नेमकी कशामुळे महाग पडते हे ज्यांना घर आहे त्यांना ठाऊक असावं, आणि मला ते जसं कळलं तसं सहसा कुणाला कळत नाही, म्हणून लिहितो.

हे घर आम्ही घेतलं तेव्हा त्याची दोन वेळा तपासणी झाली. एक तपासणी इथल्या तपासनिसानं केली. तो टॉर्च घेऊन छपराखाली शिरला. दुसरी बायकोच्या गावच्या देवानं. तिचं माहेर कोकणात, मालवणच्या अलीकडे. तिथे देवळात कौल लावल्याशिवाय कुणी विहीरसुद्धा खणत नाही. गुरव देवाच्या अंगावर ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, प्रश्न विचारतो, आणि मंडळी वाट बघत बसतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर हो. डावीकडची पडली तर नाही. काहीच पडलं नाही, तर देवाच्या मनात अजून नाही. उठायचं आणि पुन्हा कधीतरी यायचं. सासऱ्यांनी स्कारबरोच्या या बंगल्यासाठी कौल लावला, उजवा मिळाला, आणि तसं त्यांनी फोनवर ओरडून कळवलं. तपासनिसानं छप्पर गळेल म्हणून लिहिलं होतं. देवानं छपराचा विषय काढला नव्हता. मी हे मानत नाही. पण सासऱ्यांशी ट्रंक कॉलवर वाद घालण्याइतकी आमची ऐपतही नव्हती.

काही वर्षांनी माझे मेहुणे, म्हणजे बायकोचे थोरले भाऊ, उन्हाळ्यात राहायला आले. पाटबंधारे खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. बोलताना मधेच थांबायचे, टाळ्या पडायला जागा असावी म्हणून. निवृत्तीनंतर त्यांनी वास्तुशास्त्र हाती घेतलं होतं. आमचं देवघर खिडकीजवळ होतं. सागवानी, पितळी घंटांचं, बायकोनं दोन-तीन भारतवाऱ्यांत सुटं करून बॅगांतून आणलेलं. ते ईशान्येला नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं. होकायंत्र काढलं. मी सहज म्हणालो की इथे होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांच्यात बरंच अंतर पडतं. दुसरा कुणी असता तर त्यानं दुर्लक्ष केलं असतं. पण ते इंजिनिअर होते. त्यांनी तक्ता मिळवला, अंश वजा केले, जमिनीवर खडूनं रेघ मारली आणि देवघर बैठकीच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात गेलं. तिथे भिंतीत, जमिनीलगत, चांगली हातभर रुंदीची लोखंडी जाळी होती.

ही कसली जाळी, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, फर्नेसची, घरातली हवा इथून परत खाली जाते.

"हिच्यातून येत काही नाही ना?" ते म्हणाले. "मग झाकली तरी चालेल."

देवघर जाळीसमोर, भिंतीला टेकून बसलं. त्याच्या आड जाळीचा बहुतेक भाग गेला. हिवाळा आला तसं एक लक्षात आलं. बेसमेंटमध्ये फर्नेस सुरू झाला की देवघरातली समईची ज्योत मागे, भिंतीकडे झुकायची. बायको म्हणायची, देव बोलावतात. मेहुण्यांनी पुण्याहून फोनवर ऊर्जाप्रवाहाची कल्पना मांडली. फिल्टर बदलताना त्याला कापराचा आणि उदबत्तीचा वास यायचा, तेव्हा मी म्हणायचो की आमच्या घरात सगळ्यात धार्मिक हा फर्नेसच आहे. वर्षानुवर्षं हा विनोद चालला.

बायकोचं विसरणं सुरू झालं त्यालाही आता काही वर्षं झाली. आधी शब्द गेले, मग माणसं, मग खोल्या. डॉक्टरांनी त्याला जे नाव दिलं ते मी इथे लिहीत नाही. नावानं फरक पडत नाही. एवढंच सांगतो की घर तिला दोन खुणांनी ओळखू यायचं. एक, त्या कोपऱ्यातलं देवघर. सकाळी आंघोळ झाली की पाय आपोआप तिकडे जायचे, आणि एकदा तिथे पोचली की ती दिवसभर घरात असायची. दुसरी खूण ऊब. कोकणातल्या माणसाला उबेचं एवढं काय असावं ते मला कळत नाही, पण गारठा जाणवला की ती कोट घालून, पर्स घेऊन दाराशी उभी राहायची.

"अहो, चला ना आता," ती म्हणायची. "किती वेळ बसायचं लोकांच्या घरी?"

मुलगी सरेला, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला असते. इतक्या लांबून जेवढं करता येतं त्याहून ती जास्त करते. तिचं म्हणणं साफ होतं: आईला जिथे चोवीस तास माणसं असतील अशा जागी ठेवावं. मी नको म्हणत होतो. ऑक्टोबरात आमचा समझोता झाला.

"बाबा, आय नो यू आर ट्रायिंग," ती फोनवर म्हणाली. "पण ती एकदा जरी थंडीत बाहेर गेली ना, देन वी मूव्ह हर. प्रॉमिस मी."

मी शब्द दिला.

आणि फर्नेस दोन हिवाळे कुरकुरत होता. त्याचं लक्षण असं की तो पेटायचा, थोडा वेळ जोरात चालायचा, मग ज्योत बंद आणि पंखा मात्र चालू, म्हणजे घरभर गार वारा. मग पुन्हा पेटायचा. पहिल्या हिवाळ्यात आलेल्या माणसानं एक छोटा स्विच बदलला. आत फार तापलं की ज्योत बंद करणं हे त्या स्विचचं काम. तो आपलं काम करत होता म्हणूनच त्याला काढलं. हे मला नोकरीतल्या अनुभवावरून ओळखीचं वाटायला हवं होतं. पुढच्या हिवाळ्यात दुसऱ्या माणसानं पंख्याची मोटर बदलली. ती जोर लावून लावून जळाली होती. कशाविरुद्ध जोर, हे त्यानं विचारलं नाही.

या दुरुस्त्यांतून जे शिकलो ते थोडक्यात असं. येण्याचे पैसे वेगळे, हात लावण्याचे वेगळे. वॉरंटी पार्टला असते, माणसाच्या वेळेला नसते, आणि पार्टलाही ती दरवर्षी सर्व्हिस करून पावत्या जपल्या असतील तरच. जो स्क्रू सप्टेंबरात स्वस्त असतो तो जानेवारीतल्या रविवारी दागिना होतो. आणि सगळ्यात महाग दुरुस्ती ती, जिच्यात बिघडलेली वस्तू बदलतात पण ती बिघडली का हे तसंच राहतं.

या जानेवारीत ज्योत इतक्या वेळा बंद पडू लागली की घर तापेना. मी जाहिरातीतल्या एका कंपनीला फोन केला. त्यांनी मेकॅनिक पाठवला नाही. होम कम्फर्ट अ‍ॅडव्हायझर पाठवला. ही पदवी त्याच्या छातीवर लिहिलेली होती. बुटांवर निळ्या पिशव्या चढवून तो आला, बेसमेंटमध्ये जाऊन फर्नेसचा एक फोटो काढला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला. टॅब्लेटवर त्यानं मला एक हसरं कुटुंब दाखवलं. आमच्या घराला मोठ्या ताकदीचा फर्नेस लागेल, तो भाड्यानं मिळेल, आज काहीच द्यायचं नाही, दर महिन्याला थोडं थोडं. किती वर्षं, ते बारीक अक्षरात होतं. मी बारीक अक्षर वाचलं आणि गुणाकार केला. त्या रकमेत तीन फर्नेस आले असते आणि एखादं कुटुंब खरोखर हसलं असतं.

बायकोनं त्याला चहा दिला होता. कोट-टाय पाहून तिची समजूत झाली की हा मुलीला बघायला आला आहे. मुलगी शिकलेली आहे, पण स्वयंपाकाचा कंटाळा करते, असं तिनं त्याला इंग्रजीत प्रामाणिकपणे सांगितलं. "साउंड्स गुड," तो म्हणाला, आणि सही कुठे करायची ते मला दाखवलं. मी सही केली नाही.

दुसऱ्या दिवशी एक पंजाबी मेकॅनिक आला. पन्नाशीचा, पाठदुखीनं वैतागलेला, बोलायला कडू. त्यानं फर्नेस उघडला, आत बारीक कॅमेरा घातला आणि मला पडद्यावर एक काळी रेघ दाखवली. आत एक लोखंडी पेटी असते. तिच्या आतून ज्वाळा जातात आणि बाहेरून आपली श्वासाची हवा. पेटीला तडा गेला होता. तड्यातून जो विषारी वायू येतो त्याला वास नसतो, आणि तो माणसाला झोपेतून उठवत नाही. त्यानं गॅसचा कॉक बंद केला आणि फर्नेसला लाल टॅग बांधला. मी विचारलं, दोन दिवस असाच चालवला तर? बाहेर उणे वीस आहे, घरात आजारी माणूस आहे.

"इसीलिए बंद किया है, अंकलजी," तो म्हणाला.

पेटी बदलायची मजुरी नव्या फर्नेसच्या जवळ जात होती, म्हणून नवा घ्यायचं ठरलं. तो यायला दोन दिवस लागणार होते. जाता जाता त्यानं विचारलं की वर हवा परत घेणारी जाळी कुठे आहे. मी बैठकीत नेलं. तो देवघरासमोर उभा राहिला, वाकला, मोबाइलचा दिवा मागच्या फटीत मारला. जाळीवर वातींचा कापूस, राख आणि वाळक्या पाकळ्या यांचं जाडसर घोंगडीसारखं अस्तर चढलं होतं. तो सरळ झाला. मग दाराशी जाऊन बूट काढून ठेवले, परत आला आणि हात जोडले.

नवा बसवतो, तो म्हणाला, पण हे इथेच राहिलं तर नव्याचंही असंच होईल. याला श्वास घ्यायला जागाच नाही, म्हणून आत तापून तडकतो. थोडं पुढे ओढलं तर, त्यानं विचारलं. शेजारीच स्वयंपाकघराचं दार, वाट अडली असती, आणि बायको हल्ली न बघता चालते. जाळी दुसरीकडे नेली तर, मी विचारलं. होईल, पण बेसमेंटचं छत फोडावं लागेल; उन्हाळ्यात करू.

"भगवान को मैं नहीं हिलाऊँगा," तो शेवटी म्हणाला. "वो आप देखो."

ते दोन दिवस आम्ही बैठकीत विजेचे दोन हीटर लावून काढले. तिनं कोट उतरवलाच नाही. मी दाराला खुर्ची लावून त्या खुर्चीत बसलो आणि वर्तमानपत्र वाचल्यासारखं केलं. ती दर थोड्या वेळानं येऊन विचारायची, गाडी किती वाजता आहे. मी म्हणायचो, लेट आहे. आयुष्यात इतकं खोटं मी कधी बोललो नव्हतो, आणि इतकं सहज तर कधीच नाही.

त्या खुर्चीत बसून मी एकाच गोष्टीचा विचार करत होतो. ऊब हवी तर देव हलवायला हवेत. देव हलवले तर देवघराची खूण जाते. दोन्हींतली एक ठेवायची होती, आणि कुठली, हे तिला विचारता येत नव्हतं.

ऊब निवडली. तीत निदान तिचा जीव वाचत होता.

देव हलवायची एक रीत आहे. तिच्याकडूनच मला माहीत. आधी अक्षता वाहायच्या, क्षमा मागायची, मूर्ती जागेवरच किंचित सरकवायची, मग उचलायची. मी तसंच केलं. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, तिच्या आईकडचे टाक, एकेक करून ताटात काढले. ती कोट घालून सोफ्यावर बसली होती.

"सांभाळून न्या हो," ती म्हणाली. "ज्यांचे आहेत त्यांना विचारलंत ना?"

विचारलं, मी म्हणालो.

देवघर समोरच्या भिंतीला लागलं. समई लावली तर ज्योत सरळ उभी राहिली. मला ती अनोळखी वाटली.

नवा फर्नेस बसला आणि संध्याकाळपर्यंत सगळं घर, मागची खोलीसुद्धा, तापलं. तिनं कोट काढला. वरणभात दोनदा घेतला. मी मुलीला फोन करून सांगितलं की सगळं ठीक आहे, आणि ते तेव्हा खरं होतं.

सकाळी आंघोळ करून ती ग्रोसरीतून आणलेली शेवंती हातात घेऊन निघाली. समोरच्या देवघराकडे तिनं शेजाऱ्याच्या दाराकडे बघावं तसं पाहिलं आणि नेहमीच्या कोपऱ्यात गेली. तिथे नुसती जाळी होती, मी घासून स्वच्छ केलेली. ती तिच्यासमोर बसली. तळवा जाळीपाशी नेला. आत जाणारी हवा तिला जाणवली असावी. मग तिनं शेवंतीच्या दोन पाकळ्या तोडल्या, एक उजवीकडे ठेवली, एक डावीकडे. फर्नेस चालू होता. पाकळ्या जाळीला चिकटून राहिल्या.

ती मालवणीत बोलू लागली. माझ्याशी ती कधी मालवणीत बोलली नव्हती.

"बा देवा म्हाराजा, माका घराक जावचा आसा. जाव काय? व्हय तर उजवी दी, नाय तर डावी दी."

आणि हात जोडून बसून राहिली. मी दारात उभा होतो. घर हवं तेवढं तापलं, खाली पंखा थांबला, जाळीतली ओढ गेली. उजवी पाकळी पडली, आणि तिच्यामागून डावी.

"दिल्यान," ती म्हणाली. चेहरा इतका उजळला होता की मला बघवेना. ती उठली आणि कोट घालू लागली. "अहो, चला. उजवा दिलाय."

त्या दिवशी तिला दारातून वळवायला दुपार झाली. तिसऱ्या दिवशी मुलीचा व्हिडिओ कॉल नेमका त्याच वेळी आला. तिनं आईला कोटात, पर्ससकट, दाराच्या कडीशी झगडताना पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"बाबा?" एवढंच म्हणाली.

मी म्हणालो, एक आठवडा दे. काय करणार आहे ते मला माहीत नव्हतं.

देवाशी वाद घालणं मला जमलं असतं, तिच्याशी जमत नव्हतं. मी जाळीसमोर बसून बघितलं. उजवी पाकळी नेहमीच आधी पडायची, कारण त्या बाजूच्या पट्ट्या थोड्या वाकलेल्या होत्या. तिथे कधीतरी देवघर आपटलं असावं. पट्ट्या सरळ करून उलट्या बाजूच्या वाकवता आल्या असत्या. पण मग देवानं तिला रोज सकाळी नाही म्हटलं असतं, आणि ते ऐकून तिचा चेहरा कसा झाला असता, याची मला कल्पना करवेना.

भिंतीवरच्या, तापमान ठरवणाऱ्या थर्मोस्टॅटवर एक लहान बटण असतं. ते 'ऑटो'वर असलं की पंखा फर्नेसबरोबर सुरू होतो आणि त्याच्याबरोबर थांबतो. 'ऑन'वर ठेवलं की थांबतच नाही. मेकॅनिकनं दाखवताना सांगितलं होतं की हे वापरू नका, विजेचं बिल वाढतं.

दुसऱ्या दिवशी ती न्हाणीघरात असतानाच मी ते बटण फिरवलं. ती आली, बसली, पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. घर तापलं, फर्नेसची ज्योत विझली, पंखा चालत राहिला. पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. ती वाट बघत राहिली. मीही बघत राहिलो, एका हाताचं बोट भिंतीवरच्या बटणावर, तिच्या गावच्या गुरवासारखा. फरक इतकाच की त्याला दक्षिणा मिळते.

बऱ्याच वेळानं तिनं मान हलवली. रुसली नाही, रडली नाही. तिच्या लहानपणी देवळात हे किती वेळा झालं असेल; नाही म्हटलं तर माणूस खचतो, थांब म्हटलं तर घरी जाऊन भाकरी खातो.

"देवाच्या मनात नाही अजून," ती म्हणाली. "चहा ठेवू?"

आठवड्यानं मुलीनं पुन्हा फोन केला, तेव्हा आई टेबलाशी बसून शेंगा सोलत होती. कोट कुठे आहे, मुलीनं मला विचारलं. खुंटीला, मी म्हणालो. बरं, ती म्हणाली, स्प्रिंगमध्ये परत बोलू. त्यात तिची चूक नाही. मलाही स्प्रिंगच्या पलीकडचं दिसत नाही.

पंखा अखंड चालतो त्याचं बिल येतं. फिल्टर मी आता दर महिन्याला बदलतो. त्यावर कधी सुटलेली पिवळी पाकळी असते, कधी नसते. वर्षाच्या सर्व्हिसला मेकॅनिक येईल तेव्हा तो काहीतरी कडू बोलेल. छत फोडून जाळी दुसरीकडे न्यायचं मी रद्द केलं आहे.

मेहुण्यांना मी यातलं काही कळवलेलं नाही. ते आता नव्वदीला आले, आणि त्यांची ईशान्य बरोबरच होती.

आज सकाळी पाकळ्या चिकटून होत्या तशा होत्या. ती खूप वेळ बसली. मग गुडघ्यावर हात देऊन उठली, मांडीवरचा कोट उचलला आणि माझ्याकडे वळून, मीच घाई करत असल्यासारखी, समजुतीनं म्हणाली, "उद्या विचारू."

कोट तिनं स्वतःच खुंटीला लावला.